हत्तीच्या दारावरची ओवी

गुरुजी,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, आणि ती शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतका निवांत वेळ माझ्या ओळखीत आता तुमच्याखेरीज कोणापाशी उरलेला नाही. तक्रार सदऱ्याची आहे. आमच्या सौभाग्यवतींनी पिंपरीच्या छावणीतल्या एका सिंधी दुकानदाराकडून माझ्यासाठी चौकड्यांचे कापड आणले आणि शिंप्याने, मला न विचारता, त्याचा सदरा शिवला. पंचेचाळिशी ओलांडलेला, शेंडी राखलेला, सात विभक्तींवर पोसलेला मनुष्य त्या सदऱ्यात बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, "अहो, हे चेक्स आहे. सध्या हेच चालतं." त्याच आठवड्यात लोणावळ्याच्या गाडीत 'तिकीट चेक' म्हणून एकाने मला झोपेतून उठवले. देहूरोडच्या नाक्यावर दारूबंदीच्या शिपायाने माझी पिशवी चेक केली, आणि आत पंचांग व दोन भाकऱ्या निघाल्यामुळे त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. डॉक्टरने छाती चेक केली. शेजारच्या मास्तरांनी पटावर माझ्या राजाला शह दिला आणि वर इंग्रजीत 'चेक' म्हणाले. कारखान्यातल्या हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे जी तिरपी रेघ ओढली जाते, तीही चेकच. तुम्ही आमच्याकडून एका वस्तूची तीस नावे पाठ करून घेतलीत. इंग्रजाने तीस वस्तूंना एक नाव ठेवले आणि तेवढ्या भांडवलावर दीडशे वर्षे राज्य केले.

साष्टांग नमस्कार वगैरे लिहिले नाही, रागावू नका. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षे झाली. इतक्या वर्षांनी नमस्कार लिहायचा तर आधी मधल्या वर्षांचे काय ते सांगायला हवे. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या पावसाळ्यात मला एक जुना इंग्रजी शब्दकोश दिला होता, आठवतो? पुण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेला, पुठ्ठा सुटलेला. म्हणालात, "देवभाषेनं पोट भरत नाही, असं तुझे वडील म्हणतात. हीही पाठ कर. पण संध्येला बसण्याआधी हात धू." मी 'अ'पासून सुरुवात केली होती, तुमच्याच पद्धतीने, अर्थाची फिकीर न करता. लोक इंग्रजी शिकायला शाळेत जातात. मी ती एखाद्या स्तोत्रासारखी म्हणत म्हणत शिकलो. चाकणच्या शाळेत सात वर्षे मास्तरकी केली, मग इथे चिंचवडला आलो. त्या कोशात चेक या शब्दाने पाऊण स्तंभ अडवला आहे. अडवणे हा त्याचा एक अर्थच आहे म्हणा.

पण मला आज खेडच्या तुमच्या स्वयंपाकघराबद्दल बोलायचे आहे. एरवी तुम्ही सोवळ्यात चुलीपुढे, आणि मी उंबऱ्याच्या अलीकडे मांडी घालून, डोळे मिटून. नेम असा होता की पाठ एका दमात म्हणायचा. मध्ये थांबले की मोडला, आणि मोडला की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी मी अग्नीची नावे म्हणतो आहे. तुम्ही भीमेवरून यायला उशीर केला आहे, चुलीवर दूध आहे, आणि डोळे मिटलेले असले तरी ते वर येते आहे हे मला वासावरून कळते आहे. मी एक डोळा उघडतो. दूध काठाला आले आहे. सांगावे तर पाठ मोडेल. मी डोळा मिटून घेतो आणि पुढचे नाव उच्चारतो. मग निखाऱ्यांवर तो आवाज झाला, तुम्ही धावत आत आलात आणि फडके शोधण्यात वेळ न घालवता पातेले हाताने उतरवलेत. तळव्याला टरटरून फोड आले. तुम्ही तूप लावलेत, वर केळीचे पान गुंडाळलेत, पाटावर बसलात आणि म्हणालात, "सोळावं नाव राहिलं. पहिल्यापासून." दुधाबद्दल अवाक्षर नाही. गुरुजी, तुमच्या त्या वागण्याचा मला किती अभिमान वाटत असे! चाकणच्या शाळेत मी ही गोष्ट दर वर्षी नव्या वर्गाला सांगत असे, आणि 'विद्या अशी असते' असे म्हणून खडू खाली ठेवत असे. ती गोष्ट मी हल्ली सांगत नाही.

माझी सध्याची नोकरी तुम्हाला समजावून सांगणे अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. इथे माळावर, जिथे तुमच्या वेळी बाभळी आणि ससे होते, तिथे रबरी नळ्यांचा एक कारखाना उभा राहिला आहे. सरकारी कायदा असा की यंत्रांवरच्या सूचना मजुरांना कळतील अशा भाषेत लावल्या पाहिजेत. ते भाषांतर करायला मी. हुद्दा कारकुनाचा, पण सगळे मला गुरुजी म्हणतात. ऐकताना अजून मी मागे वळून पाहतो. कारखान्यात एक आडवे पोलादी पिंप आहे, इतके मोठे की आत दोन बैल उभे राहावेत. मजूर त्याला हत्ती म्हणतात. कच्च्या नळ्या त्यात भरतात, तोंडावर दार बसवून भोवतालच्या बारा चाक्या पान्याने आवळतात आणि आत वाफ सोडतात. दोन तास रबर शिजते, मग वाफ बाहेर काढून दार उघडायचे. एवढेच काम. मात्र वाफ पूर्ण गेली नसताना चाक्या सैल केल्या, तर चार माणसांना न उचलणारे ते दार समोरच्या माणसाला घेऊन निघून जाते. म्हणून दाराशेजारी विलायतेहून आलेली एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावर पाच ओळी, आणि पाचही ओळींची सुरुवात एकाच शब्दाने: चेक.

त्या पाटीपाशी मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला अगदी आनंद झाला होता, हे कबूल करतो. कारण पाच ठिकाणी पाच वेगळी कामे होती. पहिल्या ओळीतल्या चेकचा अर्थ, आत येणारी वाफ बंद झाली ना ते पाहा, नसेल तर अडवा. दुसऱ्यातला, बाहेर जाणारी वाफ मोकळी सोडा. तिसऱ्यात, दाबाचा काटा शून्यावर आला आहे का ते डोळ्यांनी बघा. चौथ्यात, दारावर एक बारीक तोटी आहे, तिच्यात तार घालून पाहा. रबराच्या चिकाने ती बुजते, आणि बुजली की आत वाफ असूनही बाहेर फूत्कार येत नाही. पाचव्यात, दाराला हात लावा. आता आपल्याकडे या प्रत्येकाला शब्द आहे की नाही? सून पाहायला गेले की न्याहाळतात, बैल घेताना पारखतात, आंबा चाचपतात, पत्रिका पडताळतात, पोथीची प्रत तपासतात, आणि संशय असला की निरखतात. एका चेकला मी बावीस मराठी क्रियापदे काढली. कचेरीतल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर ती लिहून काढताना मला तुमच्या ओटीवर बसल्यासारखे वाटत होते. साहेबांना एक साधी पाटी हवी होती, "गुरुजी, पाच ओळी लिहायला तीन दिवस?" असे हेडक्लार्कने विचारलेही. मी म्हटले, "पाच ओळी नाहीत हो, पाच क्रिया आहेत." तो मान हलवत गेला. चौथ्या दिवशी मी ओवी लिहिली:

आधी येती वाफ अडवावी । मग कोंडली वाफ सोडावी । काट्याची जागा निरखावी । आपुल्या डोळां ॥
तोटीत तार खुपसावी । दाराची ऊब चाचपावी । मगच चाकी सैल करावी । एकेक करून ॥

काव्य म्हणून तुम्ही हिचे काय केले असते ते मला ठाऊक आहे. पण लोक अक्षरशत्रू, पाटी लावून उपयोग काय? कोणी जालन्याकडून मोगलाईतून आलेला, कोणी कोकणातून, बाकीचे कुरुळी, मोशी, चऱ्होलीचे. त्यांच्या तोंडी ओवी बसते. मी पाळी सुरू होण्याआधी त्यांना ओळीने उभे करून ती म्हणवून घेऊ लागलो, आणि तुमचा नेमही घालून दिला: एका दमात, मोडली की पहिल्यापासून. आठ दिवसांत सगळ्यांना आली. पंधरा दिवसांत तिला चाल लागली. महिन्याने कुरुळीच्या एका गड्याने मला सांगितले, "आमच्या घरात आता जात्यावर म्हनत्यात गुर्जी. पोरीला त्याबिगर झोप येत न्हाई." मॅनेजरसाहेब पुण्याचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला शास्त्रीबुवा म्हणतात. त्यांनी ओवी दारावरच्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत रंगवून घेतली, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ती मजुरांकडून म्हणवून दाखवली, आणि माझी नोकरी कायम झाली. पेढे वाटले होते. तुमच्या नावाने एक बाजूला ठेवला आणि मीच खाल्ला.

मग परीक्षा आली. हत्तीवर कोणाला नेमायचे ते ठरवायला साहेबांनी माझी नेमणूक केली, कारण ओवी माझी. मी टेबलामागे बसलो, पुढ्यात वही, हातात लाल पेन्सिल. पहिले आले फिटरचाचा. हे चाकणचे, मुंबईच्या गिरण्यांत वीस वर्षे वाफेवर काम केलेले, पांढरी दाढी, हत्ती बसवला तेव्हापासून त्याच्यापाशी असलेले.

"चाचा, म्हणा."

"काय म्हणू? येणारी वाफ बंद करायची, आतली सोडायची. मग मी बाहेर जाऊन बिडी ओढतो."

"बिडी ओवीत नाही."

"थांबायचं असतं ना गुरुजी. बिडी संपते तवर वाफ जाते. मग तोटीत तार. मग दाराला कान लावायचा."

"कान लावणंही ओवीत नाही, चाचा."

"ओवीत नसंल. दारात आवाज असतो त्याचं काय करू?" ते हसले. "पाठ नाय होत हो या वयात. हातांनाच पाठ झालंय."

काट्याची ओळ त्यांनी गाळली होती, आणि 'चाचपावी'च्या जागी 'कान लावावा' घातला होता. मी त्यांना नापास केले. गुरुजी, कान लावणे ओवीत नाही, हे वाक्य मी या तोंडाने उच्चारले आहे. त्यांच्या मागून कुरुळीचा तो गडी आला. भजनात वरचा सूर लावणारा, रोज सायकलवरून येतो, टोपी नेहमी धुतलेली. त्याने हात जोडले, "यका दमात म्हनू का गुर्जी?" असे विचारले आणि अशी म्हटली की बाजूच्या टेबलावरचे टंकलेखन थांबले. एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी त्याच्या नावापुढे लाल खूण केली. तीही चेकच. चाचांना विहिरीच्या पंपावर पाठवण्यात आले. जाताना त्यांनी मला आपण होऊन सलाम केला, आणि मला वाटले, बघा, माणूस किती समजूतदार आहे.

यानंतर चार महिने काही झाले नाही. हे वाक्य लिहिताना मला आता बरे वाटत नाही. मागच्या महिन्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत चाचा कचेरीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, पाच मिनिटं या. काही बोलायचं नाही, दाखवायचंय." मी त्यांच्यामागून शेडमध्ये गेलो. हत्ती थंड होता, नळ्या भरायच्या होत्या. दाराशेजारी खिळ्याला ती तार टांगलेली असते, एका टोकाला वेटोळे असलेली. चाचांनी नुसते बोट दाखवले. वेटोळ्यात कुंभारीण माशीने घर बांधले होते. मातीचे, गुळगुळीत, चार खोल्यांचे, वाळून पांढरे पडलेले. एकेक कण आणून असे घर बांधायला तिला किती दिवस लागतात ते तुम्हीच मला एकदा ओटीच्या तुळईवर दाखवले होते. हत्ती दिवसातून चार वेळा उघडतो. तितके दिवस त्या तारेला कोणाचा हात लागला नव्हता.

"तोटी बघू," मी म्हटले. चाचांनी खिशातून आपली तार काढली आणि तोटीत घातली. बोटभर जाऊन ती थांबली. त्यांनी ती फिरवली, दाबली, काढली. टोकाला काळा डिंक. "बुजलीय," ते म्हणाले. "काटा पण एखाद्या दिवशी अडकतो. दोन्ही एकाच दिवशी झालं की बाहेरून सगळं गप. आत वाफ भरलेली, काटा शून्यावर, तोटी शांत." मग तार पुसता पुसता, बाजारभाव सांगावा तसे त्यांनी सांगितले, "मुंबईला एक झालं होतं असं. दार लगेच सापडलं. मेस्त्री सापडायला संध्याकाळ झाली."

त्यांनी तोटी मोकळी केली, त्याला बराच वेळ लागला. मी तिथेच उभा राहून, काही तरी केले पाहिजे म्हणून, भिंतीवरची माझी ओवी वाचत होतो. वाचायला मला चार श्वास लागले. तीत सांगितलेली कामे करायला अर्धा तास लागतो.

त्याच दुपारी मी कुरुळीच्या गड्याला गाठले. तो हात धुऊन भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होता. "तू दार उघडण्याआधी काय करतोस?" असे विचारले, तर फडके बाजूला ठेवून उभा राहिला आणि ओवी म्हणू लागला. मी म्हटले, "म्हणू नकोस, सांग." तो गोंधळला.

"म्हनतो की गुर्जी. रोज म्हनतो. एक दीस चुकलो न्हाई."

"आणि तार?"

"तारंला नमस्कार करतो. म्हनता म्हनताच करतो, ववीत तार आली की."

"आत घालत नाहीस?"

"मधी थांबलं तर मोडतंया न्हवं? तुमीच सांगितलं हुतं, मोडली की पयल्यापास्नं." मग तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू मीच काही तरी विसरत चाललो आहे. "काय हुतंय गुर्जी? आमच्या आज्ज्याला इंचवाचा मंत्र येत हुता. अक्षर चुकलं न्हाई तर इंचू नांगीच टाकत न्हाई. आन् ही तर तुमी सवता लिवलेली."

मी त्याला सगळे सांगितले. वाफ, तोटी, चीक, मुंबईचा मेस्त्री, सगळे. त्याने मान डोलावली, "व्हय गुर्जी, व्हय," म्हणाला, आणि मला भाकरीचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी त्याने तोटीत तार घातली. चाचांनी पंपावरून येऊन पाहिले. तिसऱ्या दिवशीही घातली. चौथ्या दिवशी मोठी मागणी आली, मेस्त्री ओरडायला लागला, आणि माझ्या खिडकीपर्यंत फक्त ओवी ऐकू आली, खणखणीत, आणि तिच्या पाठोपाठ लगेच पाना चाकीवर बसल्याचा आवाज. त्या वेळी वाफ गेलेली होती. नेहमी जाते. सगळे ठीक झाले, आणि ठीक झाल्यामुळे त्याची ओवीवरची श्रद्धा आणखी एका दिवसाने जुनी झाली.

साहेबांकडे मी गेलो होतो, हे तुमच्या माहितीसाठी नोंदवतो, नाही तर म्हणाल, गेलाच नाहीस. जाताना मनात वाक्य तयार होते: परीक्षा चुकली, ती मी चुकवली, नापास केलेला माणूस तेवढा पास आहे. दार लोटून आत गेलो. साहेब म्हणाले, "या शास्त्रीबुवा! मुंबईची मंडळी तुमची ओवी छापून दुसऱ्या कारखान्यांना पाठवतायत." आणि माझ्या तोंडून निघाले, "हत्तीपाशी ती तार आहे ना, ती जरा जुनी झाली आहे." साहेबांनी लगेच चिठ्ठी लिहिली. नवी तार मंजूर झाली. ती पितळी आहे, चकचकीत आहे, आणि आता सगळेजण तिला जास्तच मनापासून नमस्कार करतात.

चाचांना मी पंपापाशी जाऊन म्हटले, "माझी चूक झाली." ते विहिरीत डोकावत होते. "मला कशाला सांगता? मी इथं गारव्यात बसलोय," असे म्हणाले, आणि मला कठड्यापासून जरा मागे ओढले, कारण तो कठडा ढिला आहे.

तुमच्यावर दोष ढकलण्याचा मोह मला झाला नाही असे नाही. दूध उतू गेल्यावर तुम्ही मला एक थोबाडीत दिली असतीत तर पुढचे सगळे टळले असते, असे मी या आठवड्यात दोनदा मनात म्हटले. मग तुमचा तो फोड आलेला हात आठवला. तुम्ही निदान स्वतःच्या हाताने पातेले उतरवलेत. पाठ मोडू दिला नाहीत, पण भाजून घेतलेत तुम्हीच. मी जी पद्धत पुढे चालवली तिच्यात पाठ म्हणणारा एक आणि भाजणारा दुसरा, असे कधी झाले ते मला कळलेच नाही.

आज रविवार आहे. दुपारची वेळ, घरात सगळे निजले आहेत, आणि पवनेच्या बाजूने वारा सुटला आहे. उद्या सकाळी दुसरा हत्ती कारखान्यात येतो आहे. त्याच्यासाठी आठ नवे लोक निवडायचे आहेत. आठही जणांची ओवी पाठ आहे, मी काल ऐकली. वही तयार आहे. ही परीक्षा कशी घ्यायची ते कोणी मला लिहून दिलेले नाही, त्यामुळे मी ती बदलू शकतो, कोणाच्याही परवानगीशिवाय. प्रत्येकाला जुन्या हत्तीच्या दारापाशी न्यायचे, वाफ आत असताना न्यायचे, तोंड मिटायला सांगायचे आणि ती पाच कामे एकेक करून हाताने करताना पाहायचे. चाचांना शेजारी उभे करायचे. इतके सोपे आहे. फक्त पाहणाऱ्याला आठ वेळा त्या दारासमोर उभे राहावे लागेल.

आणि इथे मला खरे सांगितले पाहिजे, कारण हे पत्र टाकायला पेटीच नसल्यामुळे खोटे लिहिण्यात काही लाभ नाही. कचेरीतून कँटीनला जाण्याचा सरळ रस्ता हत्तीच्या शेडमधून आहे. गेला महिनाभर मी त्या रस्त्याने जात नाही. गोदामाच्या मागून, चिखलातून, वळसा घालून जातो. कोणी विचारले तर वैद्याने चालायला सांगितले आहे असे सांगायचे ठरवून ठेवले होते, पण कोणी विचारलेले नाही. कुरुळीच्या त्या माणसाला मी वाफेबद्दल सगळे सांगितले; मी वळसा घालून जातो, एवढे मात्र अजून सांगितलेले नाही.